बंद खोक्यातला किल्ला

खेळणे हा आपल्या भाषेतला मोठा प्रामाणिक शब्द आहे. तो नामही आहे आणि क्रियापदही आहे. जी वस्तू मुलाच्या हाती द्यावयाची तिचे नाव खेळणे, आणि मुलाने तिचे जे करावयाचे तेही खेळणेच. हिंदीत खिलौना निराळा आणि खेलना निराळे. इंग्रजीत तर या दोन शब्दांचे एकमेकांशी गणगोतही नाही. मराठीने वस्तू आणि व्यवहार यांच्यांत फट ठेवली नाही. ही फट आता आमच्या डोळ्यांदेखत, आणि तीही मराठी घरांतून, पाडली जात आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

झाशीच्या मराठी मंडळींत अलीकडे एक नवा छंद शिरला आहे. चाळिशी ओलांडलेले, चांगल्या हुद्द्यांवरचे, एरव्ही सर्वथा आदरणीय असे काही गृहस्थ जुन्या व्यंगचित्रपटांवर बेतलेले खेळसंच जमवीत आहेत. छंदाविषयी आमची तक्रार नाही. कोणी टपालाची तिकिटे जमवितो, कोणी काड्यापेट्यांवरची चित्रे जमवितो, आणि कोणी आमच्यासारखा मासिकांचे जुने अंक जमवून घरच्यांची बोलणी खातो. परंतु यंदा प्रकरण छंदापुरते राहिलेले नाही. ज्या सभागृहाच्या अंगणात दिवाळीला मुलांचे मातीचे किल्ले होत आले, तेथे या वर्षी किल्ल्यांऐवजी या खेळसंचांचे प्रदर्शन भरवावे, अशी सूचना पुढे आली आहे. तिच्या पुष्ट्यर्थ सांगण्यात येते की किल्ल्यांमुळे चिखल होतो, मुले फिरकत नाहीत, आणि प्रदर्शनाला मात्र शहरातील इतर मंडळीही आवर्जून येतील. प्रदर्शनाची अट एकच आहे: मांडलेल्या वस्तूंना कोणीही, विशेषतः मुलांनी, हात लावावयाचा नाही.

ही अट वाचून आम्ही लेखणी उचलली.

ज्या वाचकांना या वस्तू ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. खेळसंच म्हणजे एकटीदुकटी बाहुली नव्हे. बाहुल्या, त्यांचे घर वा किल्ला, वाहने, शस्त्रे, झाडेझुडपे असा सगळा संसार एका खोक्यात भरलेला असतो. अमेरिकेत लुई मार्क्स यांच्या कंपनीने असे पत्र्याचे व प्लॅस्टिकचे संच विसाव्या शतकाच्या मध्यास घरोघर पोहोचविले. १९६० साली तिकडच्या दूरचित्रवाणीवर अवतरलेल्या 'फ्लिंटस्टोन्स' या अश्मयुगीन कुटुंबाचाही संच त्यांनी काढला होता. पण झाशीकरांचा जीव ज्यावर जडला आहे तो संच त्यापुढचा. १९८२ साली मॅटेल कंपनीने 'मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स' या नावाखाली दंड फुगवलेल्या काही बाहुल्या बाजारात आणल्या. नायक ही-मॅन, खलनायक कवटीच्या तोंडाचा स्केलेटर, आणि दोघांच्या वैराचे ठिकाण असलेला एक हिरवट किल्ला, कॅसल ग्रेस्कल. या किल्ल्याचे महाद्वार म्हणजे कवटीचा वासलेला जबडा. आत माणसे वर-खाली नेणारा पाळणा आहे, माथ्यावर तोफ आहे, आणि एक सिंहासन असे आहे की ते फिरविले म्हणजे पुढे उभ्या असलेल्याच्या पायाखालची झडप उघडून तो खाली कोसळतो. आम्ही हा किल्ला एकदा एका स्नेह्यांकडे पाहिला. खरे सांगावयाचे तर ती झडप आम्हांलाही फार आवडली असावी. 'असावी' म्हणण्याचे कारण, ती केवळ खोक्यावरच्या चित्रातच पाहावयास मिळाली.

मौजेची गोष्ट अशी की या प्रकरणात बाहुल्या आधी आल्या आणि कथा मागाहून. बाहुलीबरोबर एक चिमुकले चित्रपुस्तक दिले जाई. पुढे १९८३ साली फिल्मेशन या संस्थेने त्यांवर व्यंगचित्रमालिका तयार केली आणि तिचे १३० भाग झाले. बाहुली खपावी म्हणून गोष्ट रचावयाची, असा हा उलटा उद्योग होता. ही मालिका कालांतराने आपल्या दूरदर्शनवरही लागली, आणि मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीने 'लिओ' या नावाने त्याच बाहुल्या हिंदुस्थानात काढल्या. साचे तिकडचे, रंग इकडचे. आणि रंगांतल्या या फरकापायी परदेशांतले संग्राहकही आता या देशी प्रतींच्या शोधात असतात.

या कथेला नाके मुरडणाऱ्यांतले आम्ही नव्हे. भित्रा म्हणून प्रसिद्ध असलेला राजपुत्र तलवार उंचावतो, मंत्र उच्चारतो आणि महाबली होतो, यांत आमच्या आजीबाईंना नवल वाटले नसते. सात समुद्रांपलीकडच्या पोपटात ज्यांच्या राक्षसांचा जीव असे, त्यांच्या ओसरीवर स्केलेटरलाही बसावयास पाट मिळाला असता. खेळणे परदेशी आहे म्हणूनही आमचा आक्षेप नाही. सावंतवाडीची पांगाऱ्याच्या लाकडाची रंगीत फळे कोणी काचेच्या कपाटात कुलूपबंद करून ठेवील, आणि घरातल्या मुलीने ती मागितली असता तिच्या हातावर चापट मारील, तर त्या गृहस्थांविरुद्धही आम्ही हाच लेख लिहू. वाद देशी-विदेशीचा नाही. वाद खोक्याचा आहे.

या छंदाचा एक बाजार आहे, आणि त्या बाजाराची एक नीती आहे. जे खोके कारखान्यातून निघाल्यापासून एकदाही उघडले गेले नाही, त्याला सर्वांत अधिक किंमत. उघडलेले पण सगळे भाग जागच्या जागी असलेले, त्याच्या खाली. आणि ज्याच्याशी एखादे मूल खरोखरीच खेळले, ज्याची तलवार हरवली, ज्याच्या पायावर दातांचे वण उमटले, ते तळाला. अमेरिकेत तर खेळण्यांना शंभरपैकी गुण देणाऱ्या परीक्षकांचा धंदाच निघाला आहे. ते खोके तपासतात, त्याच्या कोपऱ्यांच्या मुरडी मोजतात आणि पारदर्शक पेटीत ते कायमचे मोहोरबंद करून देतात. मूल या परीक्षेत कोठेच बसत नाही. उलट, मूल हीच या परीक्षेतली चूक; जितके मूल कमी तितके गुण अधिक. आपल्या सरकारने खेळण्यांवरचा आयातकर २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर नेला, तरी अशी खोकी सातासमुद्रांपलीकडून झाशीत येऊन पोहोचतातच. शौकाला मोल नसते हे खरे; पण या शौकात मोलावाचून दुसरे काही उरलेले आम्हांला दिसत नाही.

यावर संग्राहकांचे पहिले उत्तर असे की, "आम्ही पैशांसाठी हे करीत नाही, आमचे बालपण परत आणतो." हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही, कारण त्यामागे झाशीच्या मराठी घरांचा खरा इतिहास आहे.

येथील मराठी वस्तीचा एक थर सुभेदारी काळचा. १७४२ साली नारो शंकर सुभेदार म्हणून आले, त्यांनी वीरसिंहदेवाच्या १६१३ सालच्या किल्ल्याचा विस्तार केला, आणि त्यांच्या मागोमाग पुणेरी, कोकणी, देशस्थ घराणी येथे रुजली. दुसरा थर रेल्वेचा. २००३ पर्यंत झाशी विभाग मध्य रेल्वेत होता, आणि मध्य रेल्वेचे मुख्यालय मुंबईत. साहजिकच कारखान्यात आणि कचेऱ्यांतून मराठी माणसे आली, बिऱ्हाडे थाटली, मुलांना हिंदी शाळांत घातली. त्या बिऱ्हाडांतल्या मुलांनी शेजाऱ्याच्या दूरचित्रवाणीसमोर बसून ही-मॅन पाहिला. पंजाब मेलने येणाऱ्या एखाद्या मामाने मुंबईहून एखादी बाहुली आणली तर आणली. बाहुलीची किंमत बापाच्या पगारात कशीबशी बसे, किल्ल्याची बसतच नसे. त्या मुलांपैकी कित्येकांनी ग्रेस्कलचा किल्ला जोड्यांच्या पुठ्ठ्यातून कापून केला, आणि त्यावर दिवसचे दिवस लढाया केल्या. आज ती मुले मोठी झाली, मिळवू लागली, आणि लहानपणी जे दुकानाच्या काचेतून पाहिले ते विकत घेऊ लागली. यांत लाजण्यासारखे काही नाही. अपुरी राहिलेली हौस माणसाने पुरी करू नये असे आम्ही म्हणणार नाही. आमचे कित्येक वाचक पन्नाशीत पेटी शिकतात, साठीत पोहावयास जातात.

पण मग खोके उघडा की! ज्याच्यासाठी आठव्या वर्षी झुरलात, ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हाती आल्यावर त्याचे सिंहासन फिरवून पाहावयास नको? झडपेतून स्केलेटरला खाली पाडावयास नको? ते होत नाही. खोके कपाटात जाते, कपाटाला कुलूप लागते, आणि घरातला आठ वर्षांचा मुलगा काचेला नाक लावून उभा राहतो. बापाच्या बापाजवळ पैसा नव्हता म्हणून बापाला किल्ला मिळाला नाही. मुलाच्या बापाजवळ पैसा आहे, किल्ला आहे, तो घरातच हाताच्या अंतरावर आहे, आणि तरी मुलाला तो मिळत नाही. पहिल्या वेळी दैव आडवे आले होते. दुसऱ्या वेळी बाप आडवा आला. बालपण परत आणावयाचे म्हणून जे आणले गेले, ते बालपण नव्हते. ती दुकानाची काच होती. तेवढी मात्र अगदी जशीच्या तशी परत आली आहे.

दुसरे उत्तर जतनाचे. "आम्ही नसतो तर या वस्तू नष्ट झाल्या असत्या, तुम्हीच ना संग्रहालयांचे गोडवे गाता?" गातो, आणि गाऊही. पण संग्रहालय आणि तळघर यांत फरक आहे. पुण्यास दिनकर केळकरांनी जन्मभर वस्तू जमविल्या आणि अल्पवयात गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला देऊन तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेथे काय आहे? अडकित्ते आहेत, दिवे आहेत, कुंकवाचे करंडे आहेत, पाय घासावयाच्या वज्री आहेत. त्यांपैकी एखादा अडकित्ता कधी सुपारीला लागलाच नाही म्हणून केळकरांनी त्याला अधिक मोलाचा मानला असे आम्ही ऐकलेले नाही. त्या संग्रहाची शोभाच मुळी वापराची आहे. मुठी झिजल्या आहेत, कडा बोथटल्या आहेत, आणि त्या झिजेतून गेलेल्या पिढ्यांचे हात दिसतात. पुण्यातच भातुकलीची हजारो भांडी जमवून त्यांची प्रदर्शने भरविण्यात आली आहेत. तीही कोणा ना कोणा मुलीने खेळून ठेवलेली. दिल्लीचे बाहुल्यांचे संग्रहालय तर एका व्यंगचित्रकाराने उभारलेले आहे. 'शंकर्स वीकली'चे शंकर पिल्लई यांना एक हंगेरियन बाहुली भेट मिळाली, त्यातून बाहुल्या जमविण्याचा त्यांना नाद लागला, आणि १९६५ साली ते संग्रहालय खुले झाले. जमविलेल्या बाहुल्या मुलांना पाहावयास मिळाव्यात ही त्या उद्योगाची प्रेरणा होती. मुलांसाठी चित्रस्पर्धा भरविणारा, मुलांसाठी पुस्तके छापणारा माणूस तो. 'हात लावू नका' ही पाटी त्याच्या प्रदर्शनाचे पहिले वाक्य नव्हते.

आमच्या संग्राहकांच्या कपाटांत मात्र कोणाचे काहीच जतन झालेले नाही. या किल्ल्याशी कोण खेळले? कोणी नाही. त्याच्यावर कोणत्या लढाया झाल्या? एकही नाही. मग जतन केले ते काय? पुठ्ठा.

किमतीचे आणि खेळण्याचे नाते काय आहे हे आपल्या नाट्यवाङ्मयाने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. शूद्रकाचे 'मृच्छकटिक' देवलांनी मराठी रंगभूमीवर आणले, तेव्हापासून ते आपल्याही घरचे झाले. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आपल्या मातीच्या गाडीला नको म्हणतो, रडतो. वसंतसेना कळवळते आणि अंगावरचे दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते. तिचे वात्सल्य खरे, दागिने खरे, आणि मुलाचे रडणेही थांबते. पण पुढे काय होते? तेच दागिने न्यायसभेत मैत्रेयाजवळ सापडतात आणि चारुदत्ताविरुद्ध पुरावा होतात. गाडी मातीची होती तोवर कोणाचेच काही बिघडले नव्हते. तीत सोने पडले आणि बाप वधस्तंभापर्यंत पोहोचला. नाटककाराने नाटकाला नाव दिले ते त्या मातीच्या गाडीचे. सोन्याच्या गाडीला त्याने नेपथ्यातही जागा दिली नाही.

येथवरचे सगळे एका घरातल्या कपाटाविषयी झाले, आणि कपाट ज्याचे त्याचे असते. सभागृहाचे अंगण मात्र सर्वांचे आहे, आणि तेथे आमचा विरोध अधिक कठोर आहे. कारण तेथे प्रश्न केवळ खेळाचा उरत नाही. तो भाषेचा होतो.

बृहन्महाराष्ट्रातल्या मराठीची स्थिती आमच्या वाचकांना सांगावयास नको. शाळा हिंदी वा इंग्रजी, बाजार हिंदी, मित्र हिंदी. घरातली मराठी 'जेवायला ये' आणि 'अभ्यास कर' या दोन वाक्यांपुरती उरलेली. व्याख्यानमालांनी भाषा टिकत नाही, हे आम्ही अनेक व्याख्यानमालांना बसून, आणि काही स्वतः देऊन, सांगत आहो. आमच्या मुलांच्या तोंडी जे मराठी शब्द अजून जिवंत आहेत ते कोठून आले याचा शोध घेतला तर बहुतेक शब्द खेळातून आलेले सापडतील. पोळपाट, लाटणे, उलथणे, झारा, रवी, परात, शेगडी, चूल आणि तिचा वैल: हे शब्द गॅसच्या स्वयंपाकघरातून आलेले नाहीत, भातुकलीतून आले आहेत. जिने उभ्या आयुष्यात चूल पेटलेली पाहिली नाही अशी झाशीची मुलगी वैल म्हणजे काय ते सांगू शकते, कारण तिच्या आजीने तिला बोटभर पितळी चुलीवर दूध 'तापवावयास' शिकविले.

आणि किल्ला? दिवाळीचा किल्ला ही तर मराठी शब्दांची शाळाच आहे. तट, बुरूज, माची, बालेकिल्ला, दिंडी दरवाजा, चोरवाट, पाण्याचे टाके, खंदक, पायथा. आणि ते सगळे उभारताना दगड लावणे, गोणपाट भिजवून टाकणे, माती कालवणे, लिंपणे, थापणे, मोहरी पेरणे. यांतला एकेक शब्द हाताला चिखल लागल्यावाचून मुलाच्या तोंडात बसत नाही. 'लिंपणे' याचा अर्थ कोशात वाचून कोणाला समजला आहे? झाशीच्या वेढ्याची डोळ्यांनी पाहिलेली हकीकत मराठीत आहे; वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ साली येथे सापडले होते, आणि त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला. त्या पुस्तकातला तट आणि बुरूज आमच्या मुलांना डोळ्यांपुढे उभा राहावयाचा असेल, तर त्यांनी तो एकदा तरी मातीचा केलेला असला पाहिजे. बंद खोके या बाबतीत संपूर्ण मुके आहे. त्याच्यावर जे छापले आहे ते इंग्रजीत, आणि आत जे आहे त्याला नाव देण्याची वेळच येत नाही. खेळसंच उघडला असता तर त्यालाही मुलांनी आपली नावे दिली असती, याविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही.

खेळ मोडावयासाठीच असतो, हेही आमच्या संग्राहकांनी या भूमीपासून शिकण्यासारखे आहे. बुंदेलखंडात दसऱ्यापासून शरद पौर्णिमेपर्यंत पोरे टेसू घेऊन दारोदार फिरतात: तीन काड्या तिकाटण्यासारख्या बांधलेल्या, वर मातीचे मुंडके. मुली झिंझिया मिरवितात: भोके पाडलेले मडके, आत दिवा. पौर्णिमेला दोघांचे लग्न लागते आणि लागलीच दोघांचीही मोडतोड होते. पुढच्या वर्षी नवा टेसू, नवे मडके. नवरात्रात मुली भिंतीवर नौरत्याचा मातीचा राक्षस थापतात, तोही असाच उतरतो. आमच्या भोंडल्याचा पाटावरचा हत्ती पुसला जातो, खानदेश-वऱ्हाडातली भुलाबाई पाण्यात जाते, आणि दिवाळीचा किल्ला कार्तिकात ढासळतो. या सगळ्या खेळांत वस्तू टिकत नाही, म्हणूनच करणी टिकते. दर वर्षी कोणाला तरी पुन्हा हात घालावाच लागतो आणि जाणत्याला नेणत्याला शिकवावेच लागते. वस्तूच जर चाळीस वर्षे जशीच्या तशी राहिली, तर शिकावयाचे कोणी आणि काय?

"मुले येत नाहीत" हे किल्ल्याविरुद्धचे मुख्य कारण. ते खोटे नाही. गेल्या काही वर्षांत अंगणातल्या किल्ल्यांची संख्या रोडावली, हे आम्हीही पाहिले आहे. पण मुलांना दोष देण्यापूर्वी त्यांच्या वडीलधाऱ्यांनी अंगणात किती तास काढले हेही मोजावयास हवे. माती कोणी आणून दिली? दगड कोणी वाहिले? परीक्षक तेवढे संध्याकाळी धुतलेल्या कपड्यांत येतात, गुण देतात, आणि जाताना पायाला लागलेला चिखल पाहून कपाळाला आठ्या घालतात. चिखलाचीच तक्रार असेल तर, ज्या गणेश मंदिरात १८४२ साली मनकर्णिका तांब्यांची मुलगी झाशीची राणी झाली, त्याच्यापासून पाऊलभर अंतरावर राहून अंगणाच्या फरशीची चिंता करणाऱ्यांना आम्ही काय सांगावे? वाढत्या मुलांचे अंगण कोरडे राहत नसते.

प्रदर्शनाला इतर मंडळी येतील, हे दुसरे कारण तर आम्हांला उमगलेच नाही. त्यांना ही-मॅन पाहावयास मराठी सभागृहात येण्याची गरज काय? उलट दिवाळीत येथला कुंभार ग्वालिन घडवितो: डोक्यावर-हातांवर दिवे घेतलेली मातीची बाई. ती आमच्या मुलांच्या किल्ल्यावर चढली की गवळण होते, आणि कड्याच्या टोकाला ठेवली की रायगडची हिरकणी. शेजारच्या बुंदेली मुलाने "यह कौन?" असे विचारावे आणि आमच्या मुलाने त्याला हिरकणीची गोष्ट आपल्या धेडगुजरी हिंदीत सांगावी, यापरते दोन समाजांचे मीलन कोणत्या प्रदर्शनाने होणार आहे?

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. झाशी हे खेळण्यांचे गाव आहे, हे खुद्द झाशीतल्या कित्येकांना ठाऊक नसते. उत्तर प्रदेश शासनाने २०१८ साली 'एक जिल्हा, एक उत्पादन' ही योजना काढली, तीत झाशीच्या वाट्याला आली ती मऊ कापडी खेळणी. येथल्या वस्त्यांतून बाया कापड बेततात, टाके घालतात, पेळू भरतात, डोळे शिवतात. अस्वले, ससे, हत्ती तयार होतात. हे अस्वल जन्मतःच मुलाच्या काखेत जाण्यासाठी झालेले असते. ते दोन वर्षांत मळेल, फाटेल, त्याचा एक डोळा जाईल, आणि शिवणारणीला दुसरे अस्वल शिवावयाचे काम मिळेल. न उघडलेल्या खोक्यातून असे कोणाच्या पोटाला काय मिळते? एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे पैसा फिरतो, एवढेच. प्रदर्शनच भरवावयाचे असेल तर या बायांना अंगणात बसवा, त्यांच्यापुढे कापड ठेवा आणि मुलांना त्यांच्याभोवती कोंडाळे करू द्या. त्या प्रदर्शनाला आम्ही आमचे जुने अंक बाजूस ठेवून सतरंज्या घालावयास येऊ.

संग्राहक मंडळींशी आमचे वैर नाही. त्यांतले दोघे-तिघे आमचे वर्गणीदारही आहेत, आणि हा अंक हाती पडल्यावर ते तसे राहतील अशी आशा आहे. त्यांना आमची सूचना एवढीच की त्यांनी दिवाळीला सभागृहात अवश्य यावे, आणि येताना आपली खोकी घेऊन यावे. कात्री आम्ही देऊ. मुलांच्या मातीच्या किल्ल्यावर आजवर शिवाजी महाराजांच्या शेजारी क्रिकेटचे खेळाडू उभे राहिले आहेत, प्लॅस्टिकचे रणगाडे चढले आहेत, एका वर्षी तर बुरुजावर विमान उतरले होते. महाराजांनी कोणालाच हाकलून दिलेले नाही. ही-मॅनला दिंडी दरवाजावर पहाऱ्याला उभे करता येईल. स्केलेटर अफजलखानाच्या गोटात शोभेल, आणि ग्रेस्कलचा जबडा खालच्या माचीवर बसविता आला तर त्या झडपेतून खानाचे सैन्य खाली पाडण्यासाठी पोरांची रांग लागेल. काही तलवारी हरवतील. गुण कमी होतील.

ज्यांना हे मान्य आहे त्यांनी फार वेळ लावू नये. काळी माती सुकली की भेगाळते. बुरुजाला आपल्याकडची तांबडी राकड तीत मिसळून घ्यावी, आणि दगड अगोदरच्या रविवारी आणून टाकावेत. मोहरी वसुबारसेच्या आठ दिवस आधी पेरावी, म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत किल्ला हिरवा होतो.